गुडघा बदलण्याआधी

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलण्यात आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथेच उजव्याचीही शस्त्रक्रिया झाली. दोन्ही वेळा न्यूयॉर्कहून आले होते डॉ. चित्तरंजन राणावत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले राणावत नुसते हात चांगला असलेले सर्जन नव्हते. आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज मानला जाणारा सांधा १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये पहिल्यांदा बसवला गेला. जॉन इन्सॉल, अभियंते पीटर वॉकर आणि राणावत यांच्या कामातून तो घडला होता. पंच्याहत्तरीतल्या पंतप्रधानांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले ही बातमी वर्तमानपत्रांतून गावोगावी गेली आणि तोवर फक्त मोठ्या शहरांत कानावर येणारी ही शस्त्रक्रिया घराघरांत बोलली जाऊ लागली.

आज ती पंढरपूर, लातूर, चिपळूणसारख्या ठिकाणच्या माणसांनाही परकी राहिलेली नाही. ‘वाट्या बदलल्या’ एवढं म्हटलं की समोरच्याला सगळं समजतं. पण समजतं म्हणजे काय? एकीकडे शेजारच्या काकू असतात, ज्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तीन जिने चढू लागल्या. दुसरीकडे कुणाचे तरी मामा असतात, ज्यांचं दुखणं गेलंच नाही आणि जे भेटेल त्याला ‘करू नका’ म्हणून सांगतात. दोघंही खरं बोलत असतात. अडचण अशी की आपण निर्णय यांच्यापैकी कुणाच्या तरी अनुभवावर किंवा एक्स-रेच्या एका फिल्मवर घेतो. आपला गुडघा, आपलं काम, आपलं घर, आपल्याला पुन्हा काय करता यायला हवं आहे, याचा विचार त्यात शेवटी येतो. तो आधी यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नळीचं हाड एकमेकांवर टेकतात. दोन्हींच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा अतिशय गुळगुळीत थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात, बोलताना आपण गादी म्हणतो. मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चकत्या असतात आणि पुढच्या बाजूला वाटी. कूर्चेमध्ये ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतू. रक्तपुरवठा नसल्यामुळे एकदा झिजलेली कूर्चा त्वचेसारखी भरून येत नाही. मज्जातंतू नसल्यामुळे ती स्वतः दुखतही नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेलं आवरण आणि थकलेले स्नायू. म्हणूनच कूर्चा परत आणता आली नाही तरी दुखणं कमी करता येतं, कारण दुखण्याच्या या बाकीच्या जागांवर काम करता येतं.

कूर्चेला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहतो भार येण्या-जाण्यामुळे, म्हणजे चालण्यामुळे. ‘झिजलाय, आता हलवू नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला त्यामुळे अगदी उलटा आहे. ‘वंगण संपलंय’ हेही बऱ्याचदा खरं नसतं. सुजलेल्या गुडघ्यात द्रव उलट वाढलेला असतो, आपण ‘पाणी झालंय’ म्हणतो ते हेच.

हा रोग श्रीमंतांचा किंवा शहरातल्यांचा असं कुणाला वाटत असेल तर भिगवणकडे बघावं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या पद्धतीनुसार घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडं-सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास लोकांना होता. ज्या आमवातासारख्या संधिवाताची आपल्याला जास्त धास्ती असते, तो मात्र एक टक्क्यापेक्षाही कमी लोकांत आढळला. शेतकरी गावातलं हे चित्र आहे.

कारणं अनेक, आणि ती एकमेकांत मिसळलेली. वय आणि वजन तर आहेच. पाळी गेल्यानंतरच्या बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. तरुणपणी कबड्डीत किंवा मोटरसायकलवरून पडून झालेली दुखापत वीस वर्षांनी हिशेब मागते. पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला बाकलेले असले की सगळा भार आतल्या अर्ध्या भागावर येतो, आणि आपल्याकडे आतलीच बाजू आधी झिजलेली दिसते. कामाचाही वाटा मोठा. बीजिंगमधल्या वृद्धांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघ्याची झीज अधिक दिसली. हे वाचताना खुरपणी करणाऱ्या, भात लावणाऱ्या, चुलीपुढे आणि धुण्याच्या दगडापाशी वर्षानुवर्षं उकिडवं बसलेल्या बायका डोळ्यापुढे येतात. त्या डॉक्टरकडे सगळ्यात उशिरा पोचतात. तोवर त्यांनी दुखण्याला वयाचा भाग म्हणून स्वीकारलेलं असतं आणि घरानेही.

एक्स-रेचं बघू. झिजेचे शून्य ते चार असे टप्पे १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ठरवले आणि आजही तेच वापरतात. ‘चौथा ग्रेड आहे’ हे वाक्य ऐकलं की घरातल्यांचे चेहरे उतरतात. पण फिल्मवर चौथा टप्पा असलेली माणसं बाजारहाट करून येतात आणि दुसरा टप्पा असलेल्यांना कधीकधी रात्रभर झोप लागत नाही. चित्र आणि वेदना यांची जोडी घट्ट नसते. एक्स-रे लागतोच, आणि तो उभं राहून काढलेला असावा, कारण झोपून काढला तर भार नसल्यामुळे हाडांमधली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. साठीनंतर झिजेचं निदान करायला एमआरआय मात्र सहसा लागत नाही. त्यात चकती फाटलेली दिसली म्हणून घाबरून जाऊ नये; या वयात ती काही न दुखणाऱ्या गुडघ्यांतही फाटलेली सापडते.

आता उपचार. व्यायाम हा शब्द आला की वाचणारा पान उलटतो, हे मला माहीत आहे. तरीही गुडघ्याच्या झिजेवर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्वांत वर तोच असतो, आणि आपल्याकडे सर्वांत कमी दिला जातो तोही तोच. डॉक्टर चिठ्ठीवर ‘व्यायाम’ एवढं लिहितात, पेशंट दोन दिवस पाय हलवून बघतो आणि गुण नाही म्हणून सोडतो. मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद यायला सहा ते बारा आठवडे लागतात. खुर्चीत बसून एक पाय सरळ करून पाच-दहा सेकंद धरून ठेवायचा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं-बसायचं, जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, म्हणजे खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात आणि चालताना गुडघा कमी डगमगतो. सपाट रस्त्यावर रोज थोडं चालायचं. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मात्रा कमी करायची, बंद करायचा नाही. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टने समोर बसून शिकवलं तर फरक पडतो, कारण बहुतेक लोक चुकीचा स्नायू वापरत असतात.

वजनाबद्दल अमेरिकेतल्या जाड वृद्धांवर झालेलं एक मोजमाप लक्षात ठेवण्यासारखं आहे: शरीराचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसाला काही हजार पावलं धरा. पाच किलो उतरवणं ही त्या गुडघ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. आणि काठी. ती घ्यायला आपल्याकडे लाज वाटते, म्हणून नाइलाज झाल्यावर घेतात, आणि तीही चुकीच्या हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायावर वजन येताना ती भार वाटून घेते.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल कडक बोलावंसं वाटतं. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांवर वर्षंच्या वर्षं काढणारे वृद्ध आपल्या आजूबाजूला आहेत. मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब या तिन्हींवर त्यांचा परिणाम होतो, आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना धोका अधिक. त्याच औषधांचं जेल गुडघ्यावर चोळलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो आणि पोटात फार कमी औषध जातं. सुरुवात तिथून करावी.

यानंतर येतो इंजेक्शनं आणि पुड्यांचा बाजार. ग्लुकोसामाइनवर अमेरिकेत सरकारी खर्चाने मोठी चाचणी झाली, निकाल २००६ मध्ये आले: एकूण रुग्णांत ते साखरेच्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन सूज आलेली असताना काही आठवडे आराम देतं, लग्नकार्यापुरतं किंवा व्यायाम सुरू करता यावा म्हणून त्याचा उपयोग आहे. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलं, तेव्हा वेदनेत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक नव्हता आणि कूर्चा मात्र जास्त झिजली होती. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची इंजेक्शनं सध्या जोरात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांवरच्या चाचणीत, २०२१ मध्ये, वर्षभरानंतर तीही मिठाच्या पाण्याइतकीच ठरली.

मिठाच्या पाण्यानेही माणसाला बरं वाटतं, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, आणि त्यासाठी ह्यूस्टनच्या लष्करी निवृत्तांच्या रुग्णालयातला प्रयोग सांगायलाच हवा. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याची शस्त्रक्रिया तेव्हा झिजेवर सर्रास होत असे. ब्रूस मोझली या सर्जनने १८० रुग्ण घेतले. काहींचा सांधा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि काहींच्या गुडघ्याला नुसत्या चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. कोणाला काय झालं ते रुग्णाला माहीत नव्हतं. २००२ मध्ये निकाल आला. दोन वर्षांपर्यंत तिन्ही गटांत वेदना सारखीच होती. आपल्याला काहीतरी केलं गेलं या विश्वासाने, आणि दुखणं सर्वांत जास्त असताना उपचार घेतले की ते नंतर आपोआप थोडं उतरतं यामुळे, माणसाला गुण आल्यासारखं वाटतं. झिजेचं दुखणं चढ-उतार करत असतं. म्हणून ‘मला फरक पडला’ हे ऐकून पन्नास हजारांचं इंजेक्शन घ्यायच्या आधी तुलना कशाशी झाली आहे ते विचारावं.

मग सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही अशीच आहे का? नाही. डेन्मार्कमध्ये २०१५ साली याची सरळ तुलना प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेला पात्र असलेले १०० रुग्ण. सगळ्यांना बारा आठवडे व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातल्या गाद्या आणि औषधं; त्यातल्या निम्म्यांचा गुडघा आधी बदलला. वर्षाने पाहिलं तर शस्त्रक्रिया झालेल्यांत सुधारणा दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट होती. लक्षात येण्याजोगा फरक ८५ टक्क्यांना पडला. पण ज्यांना फक्त व्यायाम आणि बाकीचे उपचार मिळाले, त्यांतल्याही ६७ टक्क्यांना असा फरक पडला होता. त्या ५० जणांपैकी वर्षभरात १३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली. गंभीर दुष्परिणाम मात्र शस्त्रक्रियेच्या बाजूला कितीतरी जास्त होते, २४ विरुद्ध ६. अतितीव्र वेदना असलेले या अभ्यासात घेतले नव्हते, हेही सांगायला हवं.

या एका अभ्यासात निर्णयाची सगळी सामग्री आहे. शस्त्रक्रिया प्रभावी आहे, इतर कशापेक्षाही. तिला किंमत आहे. आणि पात्र ठरवल्या गेलेल्यांपैकीही पुष्कळांचं तिच्यावाचून काही काळ, कधी बराच काळ, भागतं. व्यायामाचे ते तीन महिने वाया जात नाहीत. पुढे गुडघा बदलावा लागला तरी बळकट मांडी घेऊन टेबलावर गेलेला माणूस लवकर उभा राहतो.

वेळ कधी आली म्हणायची? रात्री दुखण्याने झोप मोडते. बाजारापर्यंत चालणं होत नाही. संडासला जाणं, अंघोळ, जिना यांसाठी दुसऱ्याची वाट बघावी लागते. देऊळ, लग्न, भिशी, शेताचा बांध सगळं सुटत चाललंय. आणि हे तीन-सहा महिने नीट केलेल्या व्यायामानंतर, वजन आवरल्यानंतरही तसंच आहे. अशा माणसाने घाबरून आणखी पाच वर्षं काढू नयेत. पाय फार बाकला, गुडघा सरळ होईनासा झाला, मांडी वाळली, की शस्त्रक्रिया अवघड होते आणि मिळणारा लाभ कमी होतो. उलट, एक्स-रे वाईट आहे पण रोजचं सगळं होतंय, अशा माणसाने ‘नंतर वय झालं तर करता येणार नाही’ या भीतीने घाई करू नये. मी हे इतक्या ठामपणे म्हणण्याचं कारण वयाचा हिशेब आहे. ब्रिटनमधल्या नोंदींवरून असं दिसतं की सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास असते. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी आणि तिचा गुण कमी. तरुण वयात पाय बाकलेला असेल आणि झीज आतल्या बाजूपुरती असेल तर नळीचं हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया आहे. फक्त एकाच बाजूचा भाग बदलण्याचाही पर्याय असतो. योग्य माणसाला तो चांगला लागू पडतो, फक्त तो पूर्ण सांध्याइतका टिकत नाही. हे दोन्ही पर्याय आपल्याला लागू आहेत का, एवढं सर्जनला विचारावंच.

‘गुडघा बदलतात’ म्हणजे पुष्कळांना वाटतं, सांधा कापून काढून लोखंडी बिजागरी बसवतात. तसं नसतं. दाताला कॅप बसवताना वरचा किडका भाग तासून त्यावर आवरण घालतात, साधारण तसं होतं. मांडीच्या हाडाच्या टोकाचे आणि नळीच्या हाडाच्या माथ्याचे साधारण आठ-दहा मिलिमीटर कापले जातात. वर कोबाल्ट-क्रोमियमचं गुळगुळीत आवरण, खाली धातूचा पाट, आणि दोन्हींच्या मध्ये अत्यंत टिकाऊ प्लास्टिकची गादी. हे सगळं बहुधा हाडाच्या सिमेंटने पक्कं करतात. वाटी बऱ्याचदा आहे तीच राहते, किंवा तिच्या मागे प्लास्टिकची चकती लावतात. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध जपले जातात आणि त्यांचा ताण सारखा करणं ही सर्जनची खरी कसोटी. बहुतेक वेळा कमरेत भूल देतात, तास-दीड तास लागतो, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. टिकण्याबद्दल २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षं टिकतात.

रोबोटबद्दल हल्ली फलकच लागलेले असतात. रोबोटच्या मदतीने हाड ठरवल्याप्रमाणे अधिक नेमकं कापलं जातं, यात शंका नाही. पण त्यामुळे रुग्णाचं दुखणं किंवा चालणं कित्येक वर्षांनी इतरांपेक्षा बरं असतं, हे अजून ठामपणे दिसलेलं नाही. सर्जन वर्षाला किती गुडघे करतो, ते आधी विचारावं.

आपल्या लोकांना कळीचा वाटणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो: खाली बसता येईल का? पंगतीत मांडी घालणं, पूजेला बसणं, नमाजाला गुडघे टेकणं, शेतात उकिडवं बसणं, देशी संडास. कृत्रिम गुडघा सर्वसाधारणपणे ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतो. जिना, खुर्ची, सायकल यांना ते पुरतं. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. जास्त वाकणाऱ्या सांध्यांची जाहिरात होते, पण शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे मुख्यतः आधी किती वाकत होता यावरच ठरतं. काहींना मांडी घालता येते, पण सर्जन ती रोज घालू नका म्हणतात, कारण त्या स्थितीत प्लास्टिकच्या कडेवर भार येतो. गुडघे टेकणं बहुतेकांना नकोसं वाटतं. जिचं पोट खुरपणीवर आहे तिला हे आधी सांगितलं पाहिजे. तिला वेदनेतून सुटका मिळेल, पण जुनं काम त्याच पद्धतीने परत मिळणार नाही, आणि घरात कमोड लागेल. तो शस्त्रक्रियेच्या आधी बसवून घ्यावा. अनेक घरांत तो नंतर सुचतो, आणि पहिले पंधरा दिवस त्यापायी हाल होतात.

समाधानाचंही खरं चित्र सांगितलेलं बरं. बहुतेक लोक खूश असतात, पण पाचपैकी साधारण एकाला पुढेही त्रासदायक दुखणं राहतं. झीज कमी असताना केलेली शस्त्रक्रिया, अंगभर दुखण्याचा आजार, कंबरेतून किंवा खुब्यातून येणारी आणि गुडघ्यात जाणवणारी कळ, खिन्नता आणि अवाजवी अपेक्षा, या गोष्टी असल्या की असं होण्याची शक्यता वाढते. खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याची तारीख ठरू नये. जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांना होतो, पण झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने औषधं. म्हणून आधी तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणायची, किडके दात आणि लघवीचा संसर्ग बरा करायचा, तंबाखू आणि मिसरी सोडायची, पायाच्या भेगा भरू द्यायच्या. शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध देतात आणि लवकर चालवतात. दोन्ही गुडघे एकदम करण्याने रुग्णालयाचा एक फेरा वाचतो, पण हृदय-फुप्फुसांवरचा ताण वाढतो. सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार असलेल्या माणसाने केवळ खर्च वाचेल म्हणून तसं करू नये. पुष्कळदा एक पाय सरळ झाला की दुसऱ्याचंही दुखणं सुसह्य होतं.

खर्चाचं थोडं. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषधमूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर सरासरी १ लाख ५८ हजारांना लावला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा पूर्ण संच ५४,७२० रुपये अधिक करावर आला. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिरकोनियमचा ७६,६०० वर. त्यानंतर हे आकडे थोडे बदलत गेले. मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीवर आहे, रुग्णालयाच्या एकूण बिलावर नाही. म्हणून लेखी अंदाजपत्रक मागावं आणि त्यात सांधा, खोली, सर्जन, भूल, फिजिओथेरपी वेगवेगळं दाखवायला सांगावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. बसवलेल्या सांध्याचे बॅच क्रमांक असलेले स्टिकर फाइलमध्ये लावलेले असतात, त्यांचा फोटो काढून ठेवावा. वीस वर्षांनी कुणी दुसऱ्या सर्जनला हाच सांधा उघडावा लागला तर त्याला ते लागतील.

घरी आल्यावरचे पहिले सहा आठवडे निर्णायक. गुडघ्याखाली उशी घेऊन पडलं की बरं वाटतं, आणि तीच सर्वांत मोठी चूक ठरते. गुडघा अर्धवट वाकलेला राहून घट्ट होतो, आणि सरळ न होणारा पाय चालताना आयुष्यभर लंगडतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. पहिल्या दोन आठवड्यांत साधारण ९० अंश वाकवण्याचं लक्ष्य असतं. दुखतं, आणि त्यासाठी दिलेल्या गोळ्या वेळेवर घेऊन व्यायाम करायचा. इथे गोळी न घेता सहन करणं उपयोगाचं नाही. घरात सैल चटया काढायच्या, न्हाणीघरात धरायला दांडा लावायचा, रात्री लघवीला उठताना दिवा राहू द्यायचा. सहा आठवड्यांत बहुतेक जण काठी घेऊन किंवा काठीविना बाहेर फिरतात, तीन महिन्यांत रोजची कामं करतात. सूज आणि ऊब वर्षभर थोडीथोडी राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, कारण त्वचेतला एक छोटा मज्जातंतू कापला जातो. चालताना धातू-प्लास्टिकचा टक असा आवाज येतो, त्याचं भय नाही.

भय कशाचं ठेवायचं तेही सांगते. पहिल्या काही आठवड्यांत पोटरी ताठ होऊन सुजली, दम लागला, व्रणातून पाणी येऊ लागलं, तर फोनवर सल्ला न घेता रुग्णालय गाठावं. आणि कित्येक वर्षांनी सुरळीत चाललेला गुडघा अचानक लाल झाला, तापला, दुखू लागला तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नये. आधी सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला जायला हवं. औषध आधी पडलं की जंतू कोणता ते तपासणीत सापडत नाही, आणि वाचवता आला असता असा सांधा काढावा लागतो.